जीवाश्म समुद्री शंखाची नवी प्रजाती कशी मांडायची: कच्छच्या टुरिटेलांच्या आधाराने

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा आहे, त्यामुळे समुद्री शंखांचे जीवाश्म हाताळायला इथल्या विद्यार्थ्याला राज्याबाहेर जावं लागतं. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात मिळणारे शंख गोड्या पाण्यातले. समुद्री शंखांसाठी पश्चिम कच्छ ही फार समृद्ध जागा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कच्छच्या अशा जीवाश्मांवर बरंच काम झालेलं आहे, म्हणजे तुलनेसाठी लागणारं साहित्य मराठी विद्यार्थ्याच्या अगदी आवाक्यात आहे.

या लेखात उदाहरणासाठी कच्छमधल्या खारी नदी आणि छसरा या दोन स्तरसमूहांतले टुरिटेला घेतले आहेत. वय पूर्व मायोसीन, म्हणजे ढोबळमानाने २.३ ते १.६ कोटी वर्षं. शंख लांबट, स्क्रूसारखा, भरपूर वेढ्यांचा. एका थरात शेकड्यांनी मिळतो, म्हणून शिकायला उत्तम आणि चुकायलाही तितकाच सोपा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. नव्या प्रजातीचा लेख हा एक दावा असतो: आजवर नाव मिळालेल्या एकाही प्रजातीत हा शंख बसत नाही. वर्णन, फोटो, मोजमापं हे सगळं त्या दाव्याचा पुरावा म्हणून येतं. त्यामुळे वेळेचा मोठा वाटा जुनी नावं तपासण्यात जातो आणि जायलाच हवा.

आधी शंखाचे भाग

जीवाश्म गोळा करायला मैदानात जाण्यापूर्वी कोकणच्या किनाऱ्यावरचे पाच-दहा रिकामे शंख समोर घेऊन बसा. टोक वर, तोंड तुमच्याकडे, अक्ष उभा. आज बहुतेक लेखांत शंख असाच दाखवतात. जुन्या फ्रेंच ग्रंथांत टोक खाली असतं, तेव्हा चित्रं पाहताना वर-खालीचा गोंधळ होऊ देऊ नका.

टोकावरचे अगदी बारीक, बहुधा गुळगुळीत वेढे म्हणजे प्रोटोकॉन्च, पिल्लाचा शंख. तिथून पुढचा भाग टेलिओकॉन्च. दोन वेढे जिथे जुळतात ती शिवणरेषा. शेवटचा सगळ्यात मोठा वेढा, त्याच्या खालचा तळ, तोंड, बाहेरचा ओठ, आतला ओठ, आणि मधला खांब म्हणजे कॉल्युमेला. पृष्ठभागावर वेढ्याच्या दिशेने फिरणारे उंचवटे म्हणजे स्पायरल कॉर्ड, अक्षाला समांतर असलेले ते ॲक्सियल रिब. ओठाची जुनी जागा दाखवणाऱ्या बारीक रेघा म्हणजे वाढरेषा. टुरिटेलात ॲक्सियल रिब जवळजवळ नसतातच. तिथे निर्णय होतो कॉर्ड आणि वाढरेषांवर.

प्रोटोकॉन्चकडे नवखे दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. पिल्लू अन्न खात पाण्यात तरंगत वाढलं असेल तर प्रोटोकॉन्च लहान आणि अनेक वेढ्यांचा होतो. अंड्यातल्या बलकावर वाढलं असेल तर कमी वेढ्यांचा आणि फुगीर. मिलिमीटरमधला व्यास भागिले वेढ्यांची संख्या हे गुणोत्तर काढा. ते ०.३ पेक्षा कमी असेल तर पहिला प्रकार, १ पेक्षा जास्त असेल तर दुसरा. मधल्या आकड्यांसाठी वेढ्यांची संख्या वेगळी पाहावी लागते: तीनपेक्षा जास्त असतील तर कल पहिल्या प्रकाराकडे. मोठेपणी हुबेहूब दिसणाऱ्या दोन शंखांचे प्रोटोकॉन्च वेगळ्या प्रकारचे निघाले, तर त्या दोन प्रजाती असण्याचा तो जोरदार पुरावा आहे.

मैदानात

कच्छला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाने उतार धुतलेले असतात आणि ऊन सोसवतं. लखपत तालुक्यात नारायण सरोवर अभयारण्याची हद्द येते. तिथे वन विभागाची लेखी परवानगी हवी. शेतात किंवा खाजगी जमिनीत मालकाला विचारल्याशिवाय हातोडा काढू नका. सीमेजवळच्या भागात कुठे जाता येतं हे भुजमध्येच विचारून घ्या.

उतारावर सुटे पडलेले शंख मोहात पाडतात. ते गोळा करा, पण वेगळ्या पिशवीत, 'सुटा' असं लिहून. असा शंख वरच्या कुठल्या थरातून घरंगळला हे सांगता येत नाही, म्हणून होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा मूळ नमुना, म्हणून तो कमकुवत ठरतो. खरा नमुना थरातून काढलेला हवा.

आधी छेद, म्हणजे थर उघडे पडलेला खडकाचा उभा काप, मोजा. तळापासून वर प्रत्येक थराची जाडी टेपने, खडकाचा प्रकार, रंग, इतर जीवाश्म. कागदावर १:५० किंवा १:१०० या प्रमाणात स्तंभ काढा. परिसरात सहज ओळखू येणारा एखादा कठीण चुनखडीचा थर खूण म्हणून धरा आणि तुमचा शंखाचा थर त्याच्या किती मीटर वर किंवा खाली आहे ते लिहा. जीपीएसचे आकडे दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत, आणि डेटम (आकडे ज्या संदर्भप्रणालीत आहेत ती) डब्ल्यूजीएस ८४ असल्याची नोंद. गावाचं नाव आणि त्यापासूनची दिशा व अंतरही लिहा; पन्नास वर्षांनी ओढा जागा बदलतो, गाव सहसा बदलत नाही.

प्रत्येक थरातून हाताने वेचलेले शंख वेगळे आणि १० किलो माती वेगळी घ्या. हाताने वेचताना डोळा नकळत मोठे, सुंदर शंख निवडतो. लहान शंख आणि प्रोटोकॉन्च मातीतच राहतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून आत ठेवा, आणि मोठ्या पिशवीवर मार्करने पुन्हा तेच लिहा. बॉलपेनची शाई ओल्या मातीत पसरते. नाजूक शंख टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून डबीत; कापूस नको, त्याचे धागे कॉर्डमध्ये अडकतात.

टणक चुनखडीत तुम्हाला बहुधा शंख मिळणारच नाही, मिळेल तो आतला साचा. ॲरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या सहज विरघळणाऱ्या रूपाचा) शंख विरघळून जातो आणि त्याच्या पोकळीत भरलेला गाळ तेवढा उरतो. आतल्या साच्यावर कॉर्ड नसतात, प्रोटोकॉन्च नसतो, वाढरेषा नसतात. त्याच्यावर नवी प्रजाती उभारू नका. अशी नावं एकोणिसाव्या शतकात भरपूर दिली गेली आणि आजही ती कुठल्या शंखाची हे ठरवता येत नाही. विरघळलेल्या शंखाचा बाहेरचा ठसा खडकात शाबूत असेल तर मात्र दातांचे डॉक्टर वापरतात ती सिलिकॉन पुट्टी त्यात दाबून मूळ पृष्ठभागाची प्रतिकृती काढता येते. बारीक कॉर्डही त्यात उतरतात.

माती धुणं

चिकणमाती ओली असताना धुवायला घेऊ नका. उन्हात किंवा ६० अंश सेल्सियसच्या आत ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी करा, मग पाण्यात टाका. कोरडे ढेकूळ पाणी शोषताना आपोआप फुटतात. तरीही फुटली नाही तर पुन्हा वाळवा, मोकळ्या हवेत रॉकेलमध्ये दोन-तीन तास बुडवा, रॉकेल पूर्ण निथळून घ्या आणि वरून गरम पाणी ओता. बहुतेक माती अर्ध्या तासात सुटते. हे विस्तव आणि विजेच्या उपकरणांपासून दूर करायचं काम आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड अनेक जण वापरतात, पण मातीत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर त्यातून आम्ल तयार होऊन शंखाचा पृष्ठभाग खरवडला जातो. आधी मूठभर मातीवर करून बघा.

चाळण्या २ मिमी, १ मिमी, ०.५ मिमी अशा एकावर एक. प्रोटोकॉन्च हवेच असतील तर खाली ०.२५ मिमीची आणखी एक. पाण्याची धार मंद ठेवा. कच्छच्या मातीत मीठ आणि जिप्सम असतं. चाळणीवरचा माल शेवटी पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवा. आत मीठ राहिलं तर कपाटात ठेवलेल्या शंखावर वर्षभरात पांढरी पावडर उगवते आणि वरचा पापुद्रा सुटतो.

शंखाला चिकटलेली माती सुई आणि मऊ ब्रशने, सूक्ष्मदर्शकाखाली काढा. आम्ल अजिबात वापरू नका. हायड्रोक्लोरिक असो वा व्हिनेगर, शंख स्वतः कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. आधी तोच विरघळतो. तडे गेलेल्या शंखाला पॅरॉलॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचं ॲसिटोनमधलं ५ टक्के द्रावण द्या. ते पुन्हा ॲसिटोनने काढता येतं. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद असा सहज सुटत नाही, म्हणून होलोटाइप होऊ शकेल अशा शंखाला तो लावू नये.

ठेवण्याची जागाही पाहा. प्लायवुड, एमडीएफ आणि ओकच्या कपाटांतून ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि शंखाला त्याने पांढरी बुरशीसारखी झीज लागते. धातूचं कपाट आणि आम्लविरहित कागदाच्या डब्या उत्तम.

मोजमाप

डिजिटल व्हर्नियरवर ०.०१ मिमी दिसतं; लिहिताना ०.१ मिमीपर्यंतच लिहा, हाताची चूक त्यापेक्षा मोठी असते. सर्वसाधारण शंखाची उंची, रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची, तोंडाची उंची-रुंदी आणि टोकाचा कोन घेतात. टुरिटेलात पूर्ण उंची जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण टोक आणि ओठ बहुतेकदा मोडलेले असतात. तिथे ठराविक रुंदीवर मोजा: शंखाची रुंदी ५ मिमी असलेल्या वेढ्याची उंची किती, १० मिमी असलेल्याची किती. मग मोडके शंखही एकमेकांशी तुलना करण्याजोगे होतात.

जमतील तेवढे, निदान २० ते ३० शंख मोजा आणि किमान, कमाल, सरासरी द्या. ही पायरी टाळणाऱ्याने सहसा एकाच प्रजातीच्या दोन टोकांना दोन नावं दिलेली असतात. पिल्लं आणि मोठे शंख वेगवेगळे ठेवा, कारण वाढताना प्रमाण बदलतं. दाबाने चपटे झालेले शंख मोजमापातून वगळा. तोंडाच्या बाजूने एक रुंदी आणि तिच्या काटकोनात दुसरी घेतली की चपटेपणा लगेच कळतो. घासून गुळगुळीत झालेले कॉर्ड 'बोथट कॉर्ड' म्हणून लिहिले जाणार नाहीत याची काळजी घ्या. एका बाजूला निमुळतं होत जाणारं गोल, स्वच्छ भोक हे नॅटिसिड शिकारी शंखाचं काम, ते लक्षण नव्हे.

कॉर्डचा क्रम आणि वाढरेषा

टुरिटेलांची खरी ओळख इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

मोठ्या वेढ्यावर आठ-दहा कॉर्ड दिसतात आणि ते मोजून काही हाती लागत नाही, कारण ती संख्या एकाच थरातल्या शंखांतही बदलते. पाहायचं असतं ते हे, की प्रोटोकॉन्च संपल्यावर पहिला कॉर्ड कुठे उगवतो, दुसरा कुठे, तिसरा कुठे. न्यूझीलंडच्या मारविक यांनी १९५७ मध्ये टुरिटेलिडी कुळाची फेरमांडणी करताना यासाठी अक्षरांची पद्धत वापरली, ती आजही चालते: तीन मुख्य कॉर्डांपैकी वरचा ए, मधला बी, खालचा सी. उगवण्याचा क्रम आकड्याने. 'सी१ बी२ ए३' म्हणजे आधी खालचा, मग मधला, शेवटी वरचा.

करायचं असं. टोक शाबूत असलेला लहान शंख प्लास्टिसिनवर आडवा ठेवा, २० ते ४० पट मोठा दिसेल असा सूक्ष्मदर्शक लावा, दिवा अगदी कडेने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल असा. प्रोटोकॉन्चची कड शोधा. चकाकी बदलते, कधी बारीक उभी रेघ असते. तिथून शंख हळूहळू फिरवत न्या आणि प्रत्येक पाव वेढ्याला कॉर्ड कुठे आहेत त्याचं रेखाटन करा. पहिला कॉर्ड अनेकदा अर्ध्या वेढ्यातच स्पष्ट होतो. असं निदान पाच-सहा पिल्लांवर करा. क्रम सगळ्यांत सारखा निघाला तरच तो लक्षण म्हणून वापरा. दोघांत वेगळा निघाला तर कदाचित तुमच्या ट्रेमध्ये दोन प्रजाती मिसळल्या आहेत.

वाढरेषांसाठी मोठा, कमी झिजलेला वेढा घ्या. शिवणरेषेपासून सुरू होऊन रेघ मागे किती वळते, खोलात खोल बिंदू वेढ्याच्या कोणत्या भागात येतो, पुन्हा पुढे कुठे येते, आणि तळावर तिचा बाक कसा आहे. बाजूचा बाक आणि तळाचा बाक या दोन्हींचं रेखाटन हवं. टुरिटेलिडीत प्रजाती विभागण्यासाठी वापरलेली पृष्ठभागाची नक्षी वेगवेगळ्या शाखांत पुन्हापुन्हा सारखीच उगवते. वाढरेषेचा आकार त्या मानाने जास्त भरवशाचा.

जुनी नावं

इथे खरं काम सुरू होतं. कच्छच्या तृतीयक शंखांचं पहिलं मोठं वर्णन १८४० चं: कॅप्टन ग्रांट यांच्या कच्छच्या भूशास्त्रीय लेखासोबत जेम्स द कार्ल सोवर्बी यांनी दिलेलं, लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये. टुरिटेला अँग्युलाटा आणि टुरिटेला असिमिलिस ही नावं तिथली. वर्णन दोन-चार ओळींचं, चित्र एक.

सिंधमधल्या शंखांसाठी दार्शियाक आणि हेम यांचा १८५३-५४ चा ग्रंथ. वायव्य भारताच्या इओसीननंतरच्या शंखांसाठी व्रेडनबर्ग यांचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेमॉयरच्या ५० व्या खंडातले दोन भाग, १९२५ आणि १९२८. टुरिटेला दुसऱ्या भागात, टुरिटेला पिनफोल्डीसह. केरळच्या क्विलॉन थरांसाठी डे यांचं काम, ब्रह्मदेशासाठी नोएटलिंग यांचं १९०१ चं, जावासाठी मार्टिन यांची मोठी मालिका. २००९ मध्ये हार्त्सहाउझर आणि सहकाऱ्यांनी कच्छच्या ऑलिगोसीन (मायोसीनच्या लगेच आधीचा काळ) व पूर्व मायोसीन शंखांची नव्याने मांडणी केली. तिथून सुरुवात करून मागे जाणं सोपं पडतं.

कच्छचा शंख जावाच्या ग्रंथात कशाला शोधायचा, असं वाटेल. पूर्व मायोसीनमध्ये कच्छचा किनारा एका बाजूला पश्चिमेकडच्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राशी आणि दुसऱ्या बाजूला हिंद-प्रशांत महासागराशी जोडलेला होता, आणि तरंगती पिल्लं असलेले शंख हजारो किलोमीटर पसरू शकतात. म्हणून पाकिस्तान, इराण, पूर्व आफ्रिका, म्यानमार, इंडोनेशिया इथलं साहित्य पाहावंच लागतं. वयातही एक पायरी मागे-पुढे जा: ऑलिगोसीन आणि मध्य मायोसीन.

एक तक्ता करा. डावीकडे प्रत्येक जवळची प्रजाती, वरती लक्षणं: प्रोटोकॉन्च, कॉर्डचा क्रम, वाढरेषा, वेढ्याची बाजू सपाट की कोनदार, टोकाचा कोन, मूळ ठिकाण, थर, होलोटाइप कुठे आहे. प्रत्येक चौकट मूळ ग्रंथातून भरा, कुणाच्या सारांशातून नको. रिकाम्या राहिलेल्या चौकटी तुम्हाला सांगतील की कोणता मूळ नमुना प्रत्यक्ष पाहायला हवा. व्रेडनबर्ग यांचे नमुने कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहेत. लेखी विनंती करून पाहता येतात. परदेशी संग्रहालयांना पत्र लिहून फोटो मागा: समोरून, मागून, टोकाचा, आणि कडेच्या प्रकाशात वाढरेषांचा. जुन्या छापील चित्रांवर विसंबू नका. चित्रकाराने मोडकं टोक पूर्ण केलेलं असतं, दोन शंखांचं मिळून एक चित्र काढलेलं असतं.

प्रजातींची आधीची नावं लिहिताना कालक्रमाने यादी द्या आणि जो नमुना स्वतः पाहिलात त्याच्या आधी लहान 'व्ही' लावा. वाचणाऱ्याला तुमचा शब्द कुठे प्रत्यक्षाचा आणि कुठे पुस्तकी हे त्यावरून कळतं.

नवी म्हणायची की नाही

मला विचाराल तर किमान दोन परस्परांशी न जोडलेली लक्षणं सातत्याने वेगळी हवीत. फक्त आकार मोठा, फक्त कोन थोडा जास्त, फक्त एक कॉर्ड अधिक, यावर नाव देऊ नये. मधले शंख सापडत असतील, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग रांग लावता येत असेल, तर ती एकच प्रजाती. फरक फक्त वेगळ्या खडकात दिसत असेल तर आधी जतन होण्यातला फरक असावा अशी शंका घ्या.

पुरावा अपुरा असेल तर त्यासाठी मान्य खुणा आहेत. एखाद्या प्रजातीसारखा आहे पण खात्री नाही, तर 'सीएफ.', जवळचा पण वेगळा वाटतो, तर 'ॲफ.', फक्त वंश ठरला तर 'एसपी.'. अशी नोंद प्रकाशित करणं पूर्णपणे प्रतिष्ठेचं आहे. एकाच मोडक्या शंखावर दिलेल्या नावापेक्षा चांगल्या फोटोसह छापलेली 'एसपी.' नोंद पुढच्या अभ्यासकाला कितीतरी जास्त उपयोगी पडते.

होलोटाइप आणि फोटो

होलोटाइप एकच शंख. सगळ्यात मोठा किंवा सुंदर निवडू नका. ज्या लक्षणांवर दावा आहे ती जास्तीत जास्त ज्याच्यावर दिसतात तो निवडा. टुरिटेलात मोठ्या शंखावर प्रोटोकॉन्च जवळपास कधीच नसतो. अशा वेळी वाढरेषा आणि पृष्ठभाग चांगला असलेला मोठा शंख होलोटाइप करा, आणि त्याच थरातलं टोक शाबूत असलेलं पिल्लू पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपच्या जोडीचा नमुना, म्हणून दाखवा. पॅराटाइप त्याच थरातलेच घ्या. दुसऱ्या गावचा शंख उद्या दुसरी प्रजाती निघाला तर गोंधळ होतो.

फोटोआधी शंखावर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर देतात. डाग आणि रंगांचा भेद मिटतो, उठाव तेवढा उरतो. हे काम फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) करा. दमट हवेत थर ओलसर होऊन खडबडीत दिसतो, म्हणून पावसाळ्यात हे काम टाळा आणि फोटो झाल्याबरोबर थर धुऊन काढा. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून. हा संकेत सगळेच पाळतात. उलट दिलात तर उंचवटे खड्डे वाटतात. मोठा शंख एका फोकसमध्ये मावत नाही, तेव्हा वेगवेगळ्या फोकसचे १५-२० फोटो घेऊन एकत्र करा. 'दोन पट' असं लिहिण्यापेक्षा चित्रातच मिलिमीटरची पट्टी द्या. छापताना पान लहान-मोठं झालं तरी पट्टी खरं सांगते. प्रोटोकॉन्चसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. होलोटाइपवर सोन्याचा थर देण्याआधी संग्रहपालाला विचारा, किंवा पॅराटाइपच वापरा.

पांढरा थर देण्यापूर्वी एकदा शंख अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. रंग उडालेल्या शंखांवर मूळ रंगाचे पट्टे कधीकधी चमकतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या निओजीन काळातल्या कोन शंखांवर हेंड्रिक्स यांनी २०१५ मध्ये असंच काम करून २८ प्रजाती दाखवल्या आणि त्यातल्या १३ नव्या होत्या. टुरिटेलात हे क्वचित लाभतं, पण पाहायला पाच मिनिटं लागतात.

लिखाण

क्रम ठरलेला आहे: कुळ, वंश, नवं नाव आणि त्यापुढे नवी प्रजाती असल्याची स्पष्ट खूण, चित्रांचे क्रमांक, नावाची व्युत्पत्ती, होलोटाइप व पॅराटाइपचे संग्रह क्रमांक, मूळ ठिकाण, मूळ थर, वय, निदान, वर्णन, मोजमापं, तुलना, आढळ.

निदान आणि वर्णन यात नवखे गल्लत करतात. निदानात फक्त वेगळेपण, पाच-सहा ओळी. वर्णनात सगळं, प्रोटोकॉन्चपासून तळापर्यंत एकाच दिशेने, क्रियापदं गाळून, आकड्यांसह. 'सुंदर', 'बऱ्यापैकी मोठा', 'काहीसा उंच' असे शब्द नकोत. 'वेढ्याची उंची रुंदीच्या ०.५ ते ०.६ पट' असं लिहा, अर्थात तुमच्या तक्त्यातून आलेला आकडा.

तुलनेत प्रत्येक जवळच्या प्रजातीला स्वतंत्र वाक्य द्या आणि नेमकं लक्षण सांगा. 'इतर सर्व प्रजातींपेक्षा वेगळी' या वाक्याला परीक्षक लेख परत करतात, आणि बरोबर करतात. वय लिहिताना ते कशावरून ठरवलं ते सांगा: फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचं), स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक, की आधीच्या लेखकाचं मत. तुमच्या नव्या शंखावरूनच थराचं वय काढून पुन्हा त्या वयावरून शंख वेगळा ठरवणं हे गोल गोल फिरणं आहे.

नाव

प्राण्यांची नावं आंतरराष्ट्रीय नियमसंहितेने चालतात. सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव लॅटिन लिपीत, उच्चारचिन्हांशिवाय. विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाशी जुळवा: टुरिटेला स्त्रीलिंगी, म्हणून अँग्युलाटा, कोनस पुल्लिंगी, तिथे अँग्युलाटस, सेरिथियम नपुंसकलिंगी, तिथे अँग्युलाटम. ठिकाणावरून '-एन्सिस' पुल्लिंगी-स्त्रीलिंगी वंशांना चालतं, नपुंसकलिंगी असेल तर '-एन्से'. पुरुषाच्या नावावरून '-आय', स्त्रीच्या नावावरून '-ए' हा प्रत्यय. नाव विशेषण आहे की नाम हे व्युत्पत्तीत लिहून टाका, म्हणजे पुढे वंश बदलला तरी शेवट बदलायचा की नाही यावर वाद होत नाही.

त्याच वंशात ते नाव आधी वापरलेलं नाही ना, हे मन लावून तपासा. 'कच्छेन्सिस' आणि त्याची रूपं फार लोकप्रिय आहेत. आणि टुरिटेला या वंशात अठराव्या शतकाच्या अखेरपासून जगभरची शेकडो नावं टाकलेली आहेत, त्यामुळे आधी टुरिटेलात असलेलं पण आज दुसऱ्या वंशात हलवलेलं नावही आडवं येतं. स्वतःचं नाव देण्याला नियमांची मनाई नाही, तरी ते कुणी करत नाही.

प्रकाशनाआधी तपासायच्या गोष्टी

नाव नियमांच्या दृष्टीने 'उपलब्ध', म्हणजे ग्राह्य, व्हायला या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: ते नवं आहे असं स्पष्ट लिहिलेलं, वेगळेपण सांगणारं शब्दांतलं वर्णन, होलोटाइप नेमका कोणता ते, तो कोणत्या संग्रहात, कोणत्या गावी ठेवला आहे किंवा ठेवला जाईल ते. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी आणि तो क्रमांक लेखातच छापलेला हवा. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीने आली. अनेक नावं याच एका क्रमांकावाचून अडकतात, कारण संपादकांनाही प्रत्येक वेळी ते आठवत नाही. प्रूफ आल्यावर तो क्रमांक स्वतः शोधा.

प्रबंधात, परिषदेच्या सारांशात, समाजमाध्यमांवरच्या फोटोखाली नवं नाव आधीच लिहू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव नियमांच्या दृष्टीने उपलब्ध नसतं, आणि दरम्यान दुसऱ्या कुणी तेच नाव वेगळ्या शंखाला रीतसर दिलं तर तुमचा मार्ग बंद होतो. तोवर 'टुरिटेला एसपी. ए' असंच म्हणा.

लेख पाठवण्यापूर्वी नमुने संग्रहात जमा करून क्रमांक घ्या. ते घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवू नका. निवृत्तीनंतर आणि बदलीनंतर असे होलोटाइप हरवल्याची उदाहरणं ठिकठिकाणी आहेत. संग्रहपालाला होलोटाइपसोबत मातीचा एखादा किलो न धुतलेला नमुनाही द्या. कच्छमध्ये रस्ते, खाणी, पवनचक्क्या यांच्या कामात छेद बुजतात, आणि पुढच्या कुणाला त्या थरातले फोरॅमिनिफेरा किंवा पिल्लांचे शंख हवे असतील तर ती माती हाच एकमेव आधार असतो. डबीत चिठ्ठी ठेवताना तिच्यावर नाव, क्रमांक, ठिकाण, थर आणि लेखाचं वर्ष, सगळं लिहा. होलोटाइपच्या डबीला लाल खूण करण्याची पद्धत बऱ्याच संग्रहालयांत आहे. शंखावर क्रमांक लिहायचा तर तळाजवळ, लक्षणं नसलेल्या जागी पॅरॉलॉइडचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने.